टाकीची भिंत पुन्हा बुळबुळीत का होते?

प्रश्न : गच्चीवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी आहे, पाणी विहिरीचं. दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकतो, वर्षातून दोनदा तारेच्या घासणीने टाकी घासतो. तरी महिन्याभरात भिंती बुळबुळीत. असं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तारेची घासणी आधी बंद करा. जिवाणूची लांबी साधारण १ ते २ मायक्रॉन. तारेने पडलेला बारीक ओरखडाही त्याच्यासाठी खोल घळच, तिथे ना ब्रश पोचतो ना पाण्याचा झोत.

टाकी भरली की काही मिनिटांतच पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं अस्तर भिंतीवर बसतं. जिवाणू येतात ते त्यावर. दोन्हीकडे सहसा ऋण भार असल्याने ते आधी दूर ढकलले जातात, पण शेपटीच्या जोरावर जवळ जातात आणि केसासारख्या तंतूंनी पकड घेतात. इथवर ते पाण्याच्या धारेनेही सुटतात. पुढे मात्र ते शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट स्राव सोडतात. बोटाला लागतो तो हाच, याला बायोफिल्म म्हणतात. जहाजांच्या बुडाला शेवाळ-शिंपले धरण्याआधी असाच थर बसतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यावर बरंच काम झालं आहे.

तुमची पावडर वाया जाते ती इथेच. क्लोरीन वरच्या स्रावातच खर्ची पडतो, आतले जिवाणू वाचतात. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर थर तांबूस दिसतो आणि थोडा क्लोरीन लोहही खातं.

म्हणून आधी घासायचं, क्लोरीन नंतर. टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढा, भिंती आणि झाकणाची आतली बाजू मऊ नायलॉन ब्रशने घासून दोनदा धुवा. मग ताजी, ३० टक्के क्लोरीनची पावडर १७० ग्रॅम घ्या. पावसाळ्यात उघडी राहिलेली चालणार नाही, दमट हवेत तिचा जोर उतरतो. प्लास्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास ठेवा, वरची निवळ तेवढी टाकीत ओता, खालचा चुना नको. टाकी काठोकाठ भरा. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतो. हे पाणी पिऊ नका. घरातले सगळे नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा आणि २४ तास तसंच राहू द्या. या काळात संडास धुण्याचं ॲसिड जवळही आणू नका, त्यातून विषारी वायू सुटतो.

नंतर सगळं पाणी विहिरीपासून लांब सोडा, टाकी धुऊन भरा आणि वास जाईपर्यंत नळ वाहू द्या. मागच्या अंगणातला, महिनोन्‌महिने न उघडलेला नळही यात धरा; साचलेल्या पाण्याच्या नळीत हाच थर निवांत वाढत असतो.