केस खूप फ्रिझी आहेत, केराटिन करावं की रिबाँडिंग?

वळण ठेवून नुसता फुगीरपणा घालवायचा असेल तर केराटिन. साधारण 3-4 महिने टिकतं. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट हे रसायन केसाला आकार देणारे आतले डायसल्फाइड बंध तोडतं. सरळ झालेला केस सरळच राहतो, पण मुळाशी नवा केस जुन्याच वळणाचा येतो आणि जोड उघड दिसतो. ब्लीच केलेल्या केसांवर रिबाँडिंग नकोच, केस तुटतात. आधी मानेजवळची एक बट ओली करून हलकेच ओढा: च्युइंगगमसारखी ताणली जाऊन परत आखडली नाही, तर सध्या काहीच करू नका.

केराटिनच्या बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’, म्हणजे फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन नसलेलं, असं लिहिलेलं असलं तरी घटकांत मिथिलीन ग्लायकॉल आहे का बघा. गरम इस्त्रीखाली त्यातून फॉर्मल्डिहाइडच सुटतं. डोळे चुरचुरायला लागले की सरळ उठा. गरोदरपणात तर टाळाच.