थंडीत डिझेल गाडीचा ऑक्झिलरी हीटर बंद ठेवला तर इंधन वाचते का?

आपला प्रश्न असा आहे की, उन्हाळ्यात लिटरला २० किलोमीटर देणारी आपली डिझेल गाडी पारा शून्याखाली गेल्यावर त्याच रस्त्यावर १३ वर येते. रोजचे अंतर एका बाजूला जेमतेम ८ किलोमीटर आहे. आणि ऑक्झिलरी हीटरचा, म्हणजे थंडीत इंजिनाची उष्णता अपुरी पडते तेव्हा मदतीला दिलेल्या जोड-हीटरचा, फ्यूज काढून टाकला की अ‍ॅव्हरेज पूर्ववत होईल, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. डिझेल इंजिनांच्या कामाशी माझा बरीच वर्षे संबंध असल्यामुळे हा सल्ला माझ्या कानावरून अनेकदा गेलेला आहे. हा हीटर डिझेल पितो आणि छोट्या अंतरावर ते जाणवण्याइतके पितो, एवढा भाग त्यात खरा आहे. फ्यूज काढल्यावर ते सगळे डिझेल वाचेल आणि गाडी पुन्हा २० देऊ लागेल, हा भाग मात्र खरा नाही.

मुळात हा हीटर डिझेल गाडीतच का द्यावा लागतो, ते आधी पाहू. कोणत्याही गाडीत आतील हवा तापवण्यासाठी इंजिनाची वाया जाणारी उष्णता कूलंटमार्फत, म्हणजे इंजिनाभोवती फिरून त्याला थंड ठेवणाऱ्या द्रवामार्फत, वापरली जाते, आणि डिझेल इंजिन इंधन काटकसरीने वापरत असल्यामुळे त्याची वाया जाणारी उष्णताही कमी असते. शिवाय हलक्या भारावर ते गरजेपेक्षा पुष्कळ जास्त हवा आत ओढते, आणि ती हवा उष्णता घेऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते. आकडेच पाहायचे तर, एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. उभ्या गाडीत आयडलिंगवर तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल जळत असेल, तर एकूण ऊर्जा ५ ते ७ किलोवॉट इतकीच मिळते आणि तिचा लहान हिस्सा कूलंटपर्यंत पोहोचतो. याउलट गोठवणाऱ्या थंडीत काचा स्वच्छ ठेवून आतली हवा उबदार करायला सुरुवातीला ४-५ किलोवॉट उष्णता सहज लागते. म्हणूनच ब्लोअर पूर्ण वेगावर असताना लहान डिझेल इंजिनाच्या गाडीत सिग्नलला उभे राहिल्यावर तापमानाचा काटा खाली सरकताना दिसतो. निघण्यापूर्वी गाडी नुसती चालू ठेवून गरम करण्याची सवय डिझेलच्या बाबतीत विशेष निरुपयोगी ठरते, तीही याच कारणाने.

ही तूट भरून काढण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात ब्लोअरच्या हवेच्या मार्गात विजेवर तापणारे घटक बसवलेले असतात, ज्यांना पीटीसी हीटर म्हणतात आणि जे साधारण एक किलोवॉटच्या आसपास किंवा थोडी अधिक वीज घेतात. दुसऱ्यात डिझेल जाळणारा छोटा स्वतंत्र बर्नर असतो, जो टाकीतील डिझेल स्वतःच्या पंपाने घेतो आणि थेट कूलंट तापवतो. वेबास्टो व एबरस्पेशर या जर्मन कंपन्या अशा बर्नरसाठी ओळखल्या जातात. मोटारीतील बर्नरची क्षमता बहुधा ४ ते ५ किलोवॉट असते आणि पूर्ण जोरात तो तासाला अर्धा लिटर किंवा किंचित जास्त डिझेल जाळतो. बाहेरचे तापमान सुमारे ५ अंशांखाली असेल आणि कूलंट थंड असेल तरच तो चालू होतो, आणि कूलंट पुरेसे तापले की आधी मंद होऊन मग बंद पडतो.

विजेचा हीटर इंधन पीत नाही, त्यामुळे तो फुकटात चालतो, असा समज मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. प्रत्यक्षात एक किलोवॉट वीज काढण्यासाठी अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राला, सुमारे दीड किलोवॉट यांत्रिक शक्ती लागते, आणि ती देण्यासाठी इंजिन सुमारे चार किलोवॉटचे इंधन जादा जाळते, म्हणजेच तासाला चार दशांश लिटरच्या आसपास. जवळपास तेवढ्याच डिझेलमध्ये बर्नर तिपटीहून अधिक उष्णता थेट कूलंटला देतो. अर्थात वाढलेल्या भारामुळे इंजिनही थोडे लवकर तापते, त्यामुळे विजेच्या हीटरचे उरलेले इंधन अगदीच मातीमोल होत नाही. त्याची हवाही काही सेकंदांत गरम लागते, तर बर्नरला ज्योत धरून परिणाम दाखवायला काही मिनिटे लागतात.

आता आपल्या आठ किलोमीटरचा हिशेब करू, आणि आपली आकडेवारी टाकी पूर्ण भरून काढलेली आहे असे धरू. उन्हाळ्यात या अंतराला ०.४ लिटर लागत होते, आता ०.६ लिटरहून थोडे अधिक लागते, म्हणजे वाढ सुमारे ०.२१ लिटरची आहे. बर्नर या प्रवासात बारा मिनिटे पूर्ण जोरात चालला, तर त्याचा वाटा ०.१ लिटर होतो. एकूण वाढीच्या निम्म्याच्या आसपासचा हा भाग किरकोळ नव्हे, पण उरलेल्या वाढीशी हीटरचा काहीही संबंध नाही. हीच गाडी २०० किलोमीटरच्या प्रवासाला नेली, तर हीटर फार तर ०.२ लिटर जाळील आणि अ‍ॅव्हरेज २० वरून १९.६ वर येईल, म्हणजे त्याच्यामुळे काही बिघडले हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. या हीटरचा खर्च किलोमीटरवर नव्हे तर मिनिटांवर चालतो, आणि छोट्या फेऱ्यांत तीच मिनिटे फार थोड्या किलोमीटरांवर वाटली जातात.

उरलेली वाढ थंडीची स्वतःची आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेल्या माहितीनुसार, साध्या पेट्रोल गाडीचे शहरातील अ‍ॅव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांवर सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आणि त्या गाड्यांत इंधन जाळणारा हीटर सहसा नसतोच. इंजिनातील व गिअरबॉक्समधील ऑइल थंडीत घट्ट होते आणि आठ किलोमीटरांत ते पुरते पातळ होतच नाही, याचा वाटा मी सर्वांत मोठा मानतो. टायरमधील हवेचा दाब तापमान १० अंशांनी उतरल्यावर सुमारे २ पीएसआयने घटतो, तेव्हा उन्हाळ्यात भरलेली हवा हिवाळ्यात अपुरी पडते. अधिक २० अंशांपेक्षा उणे १० अंशांची हवा सुमारे ११ टक्क्यांनी दाट असते, पण हा विरोध मुख्यतः महामार्गाच्या वेगावर जाणवतो. हिवाळी डिझेल गोठू नये म्हणून किंचित हलके बनवलेले असते आणि त्यातून लिटरमागे थोडी कमी ऊर्जा मिळते. छोट्या फेऱ्यांत डीपीएफची, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीची, काजळी जाळून होणारी स्वच्छता अर्धवट राहून ती पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी जादा डिझेल जाळले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

फ्यूज काढल्यावर ०.१ लिटर तरी वाचेल की नाही, याचे उत्तर आपण आतला हीटर कसा वापरता यावर अवलंबून आहे. बर्नरची उष्णता कूलंटमध्ये जाते. त्यातील बरीचशी आत बसणाऱ्यांना मिळते आणि काही इंजिनाला मिळून ते लवकर तापते. बर्नर बंद करून ब्लोअर मात्र पूर्ण वेगावर ठेवला, तर तीच उष्णता थंड इंजिनातून खेचली जाते, इंजिन आणखी उशिरा तापते आणि वाचवलेल्या डिझेलचा काही भाग परत जातो. खरी बचत हवी असेल, तर पहिली काही मिनिटे ब्लोअर काचेपुरता मंद ठेवावा आणि सीटचा हीटर असल्यास तो वापरावा. शंभर वॉटच्या आत शरीराला थेट ऊब देणारे दुसरे साधन गाडीत नसते. काही गाड्यांत बर्नर बंद ठेवण्याची सोय मेनूमध्ये किंवा बटणावर दिलेली असते, आणि बाहेर दोन-चार अंश तापमान असून काच कोरडी असेल, तर ती वापरण्यात मला गैर वाटत नाही. फ्यूज काढण्याच्या मात्र मी विरोधात आहे, कारण त्यामुळे दोषाचा संकेत येऊ शकतो आणि महिनोन्महिने न चाललेला बर्नर कडाक्याच्या थंडीत ऐन वेळी पेट घेत नाही.

मोजमापाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. बर्नरचे डिझेल इंजेक्टरमधून जात नसल्यामुळे कित्येक गाड्यांच्या डॅशबोर्डवरील सरासरीत ते धरलेच जात नाही. तेव्हा डॅशबोर्डवरील आकडाही मोठ्या प्रमाणात उतरलेला असेल, तर तेवढी घट इंजिनाचीच आहे, असे समजण्यास हरकत नाही.

तसे असेल तर मी सर्वांत आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तपासून घेईन. तो उघडा अडकलेला असला की उन्हाळ्यात फारसे कळत नाही, परंतु थंडीत कूलंट सारखे रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन ९० अंशांच्या जवळपास पोहोचतच नाही, बर्नर बंद होण्याचे नाव घेत नाही आणि दोन्हीकडून डिझेल जाते. काट्यावर मात्र विसंबू नये, कारण अनेक गाड्यांत तो ७५ पासून १०० अंशांपर्यंत मध्यावरच स्थिर दाखवला जातो. ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती वाचणारे छोटे उपकरण, जोडून कूलंटचे खरे तापमान पाहावे. वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालवूनही ते ८० अंशांच्या वर टिकत नसेल, किंवा लांब उतारावर झपाट्याने खाली येत असेल, तर हीटरला हात न लावता थर्मोस्टॅट बदलून घ्यावा.