तीन लाखांचा ट्रॉम्बोन मुंबईत घेऊ नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मरोळला चर्चच्या बँडमध्ये काकांच्या मेरठमध्ये बनलेल्या ट्रॉम्बोनवर सुरुवात, मग सरांनी वाजवायला दिलेल्या यामाहा ३५४ वर ट्रिनिटीची आठवी ग्रेड, आणि आता ऑगस्टमध्ये अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या विद्यापीठात बॅचलर ऑफ म्युझिक. बाबांनी वाद्यासाठी तीन लाख बाजूला काढले आहेत. धोबी तलावच्या दुकानातून बाख कंपनीचा नवा ट्रॉम्बोन मागवायचा की तिकडे जाऊन घ्यायचा, आणि घ्यायचा तर कुठला? शिवाय उंची जेमतेम पाच फूट, सातव्या पोझिशनला, म्हणजे सरकती नळी (स्लाइड) सगळ्यात लांब न्यायची तिथे, हात पुरत नाही, ही धाकधूक.

मी मूळची वांद्र्याची. इंडियानात राहते, शाळेत बँड शिकवते, आणि दर वर्षी माझी काही मुलं कॉलेजात संगीत शिकायला जातात, त्यामुळे ही खरेदी जवळून बघत आले आहे. माझं मत स्पष्ट आहे. मुंबईत घेऊ नकोस, आणि इथे उतरल्यावर पहिल्या महिन्यातही घेऊ नकोस.

इथे तुझं वाद्य तुला एकच प्राध्यापक शिकवणार. दर आठवड्याला एकट्याचा तास, बहुतेक चारही वर्षं तोच माणूस. आवाज कसा असावा याबद्दल त्यांची मतं पक्की असतात. काही स्टुडिओंत, म्हणजे एकेका प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांच्या गटांत, जवळजवळ सगळे बाख ४२ वाजवतात, काहींत कॉन ८८एच, काहींत शायर्स किंवा एडवर्ड्स, हे सगळे ट्रॉम्बोनचे ब्रँड. सक्ती सहसा नसते, पण तीन ट्रॉम्बोन शेजारी बसून एक सूर लावतात तेव्हा तो एकजीव व्हावा लागतो, आणि तो जुळतो की नाही हे त्या प्राध्यापकांचे कान ठरवणार. त्यांनी तुला एकदाही समोर ऐकलं नसताना तीन लाख गुंतवण्यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची. ऑर्डर देऊन मागवलेला ट्रॉम्बोन म्हणजे एक खोकं येणार, त्यात एक वाद्य, तेही आयात शुल्क आणि जीएसटी भरून. एकाच मॉडेलचे दोन ट्रॉम्बोनसुद्धा सारखे वाजत नाहीत. एकाची स्लाइड लोण्यासारखी पळते, दुसऱ्याची चौथ्या पोझिशनला किंचित अडते. इथे ब्रासच्या मोठ्या दुकानात, उदाहरणार्थ न्यू जर्सीच्या डिलन म्युझिकसारख्या ठिकाणी, नवे-जुने अनेक ट्रॉम्बोन एका पाठोपाठ एक वाजवून बघता येतात. बरीच दुकानं वाद्य काही दिवस घरी वाजवून बघायलाही देतात, म्हणजे ते प्राध्यापकांसमोर वाजवून मग ठरवता येतं. तीन लाखांच्या खरेदीत मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता तुझ्या मनात येईल, पहिल्याच आठवड्यात कुणी कुठल्या बँडमध्ये बसायचं ते ठरवणारी प्लेसमेंट ऑडिशन असते, ती कशावर देऊ? बहुतेक संगीत विभागांकडे स्वतःची वाद्यं असतात आणि ती सेमिस्टरभर विद्यार्थ्यांना वापरायला मिळतात. मात्र ती मागावी लागतात, आणि लवकर मागणाऱ्याला चांगलं मिळतं. आणखी एक: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-२० या कागदावर छापलेल्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपर्यंत अमेरिकेत येता येतं. निदान दहा-बारा दिवस आधी पोहोच. नवं वाद्य हाताला बसायला, जेट लॅग उतरायला आणि ऑडिशनचे उतारे त्या वाद्यावर घोटायला तेवढे लागतीलच.

कुठला घ्यायचा, याचं अर्धं उत्तर बोअरमध्ये आहे. बोअर म्हणजे स्लाइडच्या नळीचा आतला व्यास. तुझ्या ३५४ चा ०.५०० इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. इथे ऑर्केस्ट्रा आणि विंड एन्सेम्बलमध्ये (फुंकवाद्यांच्या वृंदात) टेनर ट्रॉम्बोनचा रिवाज ०.५४७ इंचाचा, सुमारे १३.९ मिलिमीटरचा, बेल, म्हणजे पुढचं कर्ण्यासारखं तोंड, साडेआठ इंची आणि अंगठ्यानं दाबायचा, जादा नळी जोडणारा एफ ट्रिगर. फरक कागदावर जेमतेम सव्वा मिलिमीटर दिसतो, पण छातीला तो लगेच कळतो. तोच सूर धरायला जास्त हवा लागते आणि सुरुवातीला फ्रेज मध्येच तुटतात. त्यानं घाबरायचं नाही. दोन-तीन महिने लांब सूर नेमानं वाजवले की श्वास त्या मापाचा होतो, आणि मग जो रुंद, भरीव आवाज निघतो तो लहान बोअरमधून निघतच नाही. ०.५२५ इंचाचा मधला पर्याय असतो, दुकानदार तो दाखवतीलही. चार वर्षं ऑर्केस्ट्राचं शिक्षण घ्यायचं असेल तर मी तो घेणार नाही, लवकरच बदलावा लागतो.

आता हाताचं. एफ ट्रिगर तुझ्यासाठी वरदान आहे. साध्या ट्रॉम्बोनवर बास क्लेफच्या दुसऱ्या घरातला सी सहाव्या पोझिशनला मिळतो आणि त्याखालचा बी सातव्या. ट्रिगर दाबला की तोच सी पहिल्या पोझिशनला, आणि बी दुसऱ्याच्या किंचित पुढे. म्हणजे ज्या दोन पोझिशनसाठी तू खांदा पुढे ढकलतेस, त्यांची रोजची गरज बरीच संपते. खालच्या ई नंतर पेडल बी फ्लॅट या तळाच्या सुरापर्यंत, साध्या ट्रॉम्बोनवर न मिळणाऱ्या सुरांची जी पोकळी होती, तीही बरीचशी भरून निघते. अगदी खोल सी साठी मात्र ट्रिगर दाबूनही स्लाइड शेवटापर्यंत न्यावी लागते, कारण ट्रिगर लागल्यावर नळी लांबते, पोझिशनमधलं अंतर वाढतं आणि सातऐवजी सहाच पोझिशन उरतात. तो एक सूर तुझ्या वाट्याला क्वचित येईल. लहान हातांची कितीतरी माणसं हे वाद्य उत्तम वाजवतात.

तुला खरी काळजी हवी ती डाव्या हाताची. ट्रिगरचा ट्रॉम्बोन साध्यापेक्षा जड असतो आणि सगळं वजन डाव्या मनगटावर येतं. म्हणून वाजवून बघताना पाच मिनिटांत मत बनवू नकोस, निदान अर्धा तास हातात धर. अंगठा ट्रिगरपर्यंत आरामात पोहोचतो का बघ. ट्रिगर दाबल्यावर हवा वळवणाऱ्या व्हॉल्व्हचे प्रकार आहेत: साधा रोटरी, हागमन, आणि थेयर म्हणजे अ‍ॅक्सिअल फ्लो. थेयरमध्ये हवा जवळजवळ सरळ जाते, खालचे सूर मोकळे लागतात, पण व्हॉल्व्ह आकारानं मोठा आणि मानेच्या बाजूला जागा खातो. तुझ्या बांध्याला मी आधी साध्या रोटरीचा, ओपन रॅपचा (ट्रिगरच्या नळीला कमी वळणं असलेला) ट्रॉम्बोन वाजवून बघायला सांगेन. एर्गोबोनसारखा आधार लावून वजन खुर्चीवर किंवा पट्ट्यावर घेता येतं. मनगट दुखायची वाट न बघता तो पहिल्याच वर्षी वापरून बघ.

बाख की कॉन? दोन्ही नावं आज कॉन-सेल्मर या एकाच कंपनीची आहेत आणि तिचं घर एल्कहार्ट, माझ्याच राज्यात. पण वाद्यांचे स्वभाव वेगळे. बाख ४२ ची बेल सहसा पिवळ्या पितळेची, आवाज घट्ट, आणि मोठ्यानं वाजवलं तरी तो पसरत नाही. कॉन ८८एच १९५४ पासूनचा. त्याची बेल रोझ ब्रासची, म्हणजे तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या पितळेची. मऊ वाजवताना उबदार, जोर लावला की लवकर झळाळतो. तू चर्चमध्ये गाण्यामागे वाजवत वाढलीस, तुझा कान कदाचित कॉनकडे वळेल. यामाहाच्या झेनो मालिकेतले मोठ्या बोअरचे ट्रॉम्बोन अतिशय एकसारखे बनतात, सूर नेमका लागतो. त्यांना कमी लेखणाऱ्यांचं मला पटत नाही.

पैशांचं गणित सरळ आहे. तीन लाख म्हणजे सव्वातीन-साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. नवा व्यावसायिक दर्जाचा ट्रॉम्बोन त्यात बसणार नाही, वर सेल्स टॅक्स असतो, इंडियानात तो ७ टक्के. पण जुना, नीट राखलेला बाख ४२ बी किंवा ८८एच साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतो, आणि उरलेल्या पैशांत स्लाइड उत्तम कारागिराकडून सरळ करून घेता येते. ट्रॉम्बोनच्या वयाला घाबरू नकोस. स्लाइड नीट चालते की नाही ते बघ.

जुनं वाद्य पारखताना घाई नको. स्लाइडचा भाग बेलपासून सोडव, उभा धर आणि बाहेरची स्लाइड हळूच सोड, खाली हात ठेवून. स्वतःच्या वजनानं, कुठेही न अडता खाली यायला हवी. मग वरची दोन्ही तोंडं बंद करून तेच कर. आता ती सावकाश उतरायला हवी. धप्पकन पडली तर हवा गळते आहे. आतल्या नळ्यांवर क्रोमचा मुलामा असतो, त्यावर पिवळे चट्टे दिसले तर तो झिजलेला आहे आणि हे काम खर्चिक. बाहेरच्या नळ्यांवर बोट फिरवत जा, डोळ्याला न दिसणारा पोचा बोटाला कळतो. पितळेवर गुलाबी ठिपके आणि मध्ये काळा बिंदू दिसले तर तो रेड रॉट, धातू आतून खराब होतोय. विशेषतः स्लाइडच्या खालच्या वळणावर बघ, पाणी तिथेच साचतं. ट्रिगर न दाबता एफची ट्यूनिंग स्लाइड ओढ, पॉप असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. हे फक्त तपासण्यापुरतं. एरवी ती स्लाइड ओढताना ट्रिगर दाबायचाच. बेलवरचे जुने पोचे, उडालेलं लॅकर यांनी आवाजाचं फारसं बिघडत नाही, भाव मात्र उतरतो.

आज मुंबईत एक खरेदी जरूर कर, ती माउथपीसची. मोठ्या बोअरच्या ट्रॉम्बोनला मोठ्या शँकचा (वाद्यात बसणाऱ्या दांड्याचा) माउथपीस लागतो, तुझ्या ३५४ ला लहान शँकचा. बाखचा साडेसहा एएल मापाचा माउथपीस दोन्ही शँकमध्ये मिळतो. लहान शँकचा आत्ता घे आणि उन्हाळाभर त्यावर वाजव. इथे आल्यावर त्याच मापाचा मोठ्या शँकचा घेतलास की वाद्य बदलेल, पण ओठांना रिम, म्हणजे माउथपीसची कड, ओळखीची राहील. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या की अडचण वाद्याची आहे की माउथपीसची, तेच कळेनासं होतं. पुढे ५जी या मोठ्या मापावर जायचं की नाही ते प्राध्यापक सांगतील.

जॅझ बँडमध्येही वाजवायचंय म्हणालीस. त्यासाठी लहान बोअर बरा, किंग ३बी चा ०.५०८ हा तिथला आवडता. पण दुसरा ट्रॉम्बोन पहिल्या वर्षी घेऊ नकोस, विभागाकडे बहुधा असेल. मार्चिंग बँडला तर कॉलेजचंच वाद्य वापर. स्वतःचा चांगला ट्रॉम्बोन पावसात आणि गर्दीत मैदानावर नेणं मला अजिबात मान्य नाही.

प्रवासाचं: विद्यापीठानं वाद्य द्यायचं कबूल केलं तर फक्त माउथपीस आण. नाही केलं तर सरांना विचारून ३५४ घेऊन ये. छोटी वाद्यं जागा असेल तर केबिनमध्ये घेऊ द्यावीत असा अमेरिकी नियम २०१५ पासून आहे, पण तो अमेरिकी विमान कंपन्यांना लागू होतो. दुसऱ्या कंपनीचं तिकीट असेल तर आधी लेखी विचार. चेक-इन करावंच लागलं तर केसची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत आहे का मोज, स्लाइडचं लॉक लाव, माउथपीस बाहेर काढ, बेलच्या आत-बाहेर कपडे घट्ट कोंब. पुढे वाद्य तुझ्या मालकीचं झालं की सिरियल नंबर, फोटो आणि पावती जपून ठेव, विम्यालाही लागतात आणि ते घेऊन घरी येताना कस्टमलाही.

आणि हे बाबांनाही वाचून दाखव. आपल्याकडे लग्नात वाजवलं की पाकीट मिळतं, त्यात काही गैर नाही. इथे एफ-१ वर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय पैसे घेऊन वाजवणं म्हणजे बेकायदा काम. कितीही जवळच्या ओळखीतून बोलावणं आलं तरी नाही म्हण. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, संगीत विभागाच्या ग्रंथालयात किंवा स्टेजच्या मदतीला अशा जागा असतात. वाद्याचे हप्ते गिग्जमधून फेडू, हा हिशेब डोक्यातून काढून टाक. म्हणूनही मी जुनं, पूर्ण पैसे देऊन घेता येईल असं वाद्य सांगते आहे.

निघण्याआधी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम असेल तर चुकवू नकोस. २००६ साली सुरू झालेला हा ऑर्केस्ट्रा तुझ्या घरापासून लोकलच्या अंतरावर आहे. ट्रॉम्बोनवाले दिसतील अशी जागा घे. मोठ्या बोअरचे ट्रॉम्बोन मऊ वाजवताना कसे लागतात ते कानात साठव, इथे वाद्य निवडताना तोच आवाज शोधायचा आहे.

प्राध्यापकांना ईमेल याच आठवड्यात पाठव. सध्या कुठलं वाद्य आणि माउथपीस वाजवतेस, तुझी उंची, ऑगस्टपासून मोठ्या बोअरचा ट्रॉम्बोन विभागाकडून मिळेल का, आणि प्लेसमेंटचे उतारे कधी जाहीर होतात, एवढं लिही. उन्हाळ्यात बरेच जण शिबिरं आणि फेस्टिव्हलमध्ये अडकलेले असतात, दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर नम्रपणे पुन्हा लिही आणि विभागाच्या ऑफिसलाही प्रत पाठव.