गारपिटीनंतरची छाटणी

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

गेल्या रविवारी पाळकांनी उपकारस्तुतीसाठी मंडळीला उभे राहण्यास सांगितले, तेव्हा तू मागच्या दाराने बाहेर गेलीस. उपासना संपल्यावर फाटकापाशी तू मला विचारलेस की, वडील सहा महिने अंथरुणाला खिळलेले असताना आणि स्वतःच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष अर्धवट सोडून नोकरी धरावी लागली असताना, मनात नसलेले आभार ओठांनी म्हणणे हा देवाशी खोटेपणा नाही का. त्या वेळी मी गप्प राहिलो, कारण एवढ्या प्रामाणिक प्रश्नाला घाईने उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

प्रथम एक गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या भावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा त्याचा माल काढणीला आला होता, आणि अर्ध्या तासात वर्षभराची मेहनत मांडवाखाली चिखलात पडली. सांत्वनाला आलेले एक गृहस्थ योहानाच्या शुभवर्तमानातील १५ व्या अध्यायाचा आधार घेऊन म्हणाले की, देव आपल्या वेलीची छाटणी करतो आहे. भाऊ कधी नव्हे तो चिडला आणि म्हणाला, "मी तीस वर्षे कात्री चालवतो आहे. गारपीट म्हणजे छाटणी नव्हे." मला आजही वाटते की त्या दिवशी आमच्यात शास्त्र त्यालाच अधिक कळले होते. छाटणी करणारा हात प्रत्येक काडी पाहतो, काडीवरचे डोळे, म्हणजे फुटवे येणाऱ्या कळ्या, मोजतो, काय ठेवायचे ते ठरवून मगच कापतो. गारेला असे काही ठाऊक नसते. म्हणून तुझ्या वडिलांचे आजारपण हा देवाने शिकवलेला धडा आहे असे कोणी म्हणाले, तर ते मान्य करण्याचे बंधन तुझ्यावर नाही. पवित्र शास्त्रातील ईयोब या दुःखात बुडालेल्या नीतिमान माणसाच्या मित्रांनीही अशीच स्पष्टीकरणे दिली होती, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. एप्रिल आला, तेव्हा भावाने त्या फुटक्या, जखमी वेलींचीही खरड छाटणी, म्हणजे एप्रिलची छाटणी, केली, मजुरीसाठी उसने पैसे घेऊन केली. आपल्याकडे एका पिकासाठी दोन छाटण्या लागतात हे तुला ठाऊक आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड दिसतो, त्याची सूक्ष्म निर्मिती एप्रिल छाटणीनंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यात, ऐन उन्हाळ्यात, आधीच होऊन गेलेली असते. त्या दिवसांत बागेत उभे राहिले तर पानांशिवाय काही दिसत नाही. पौल रोमकरांस लिहितो की, जी दिसते ती आशा नव्हे. त्या वचनावर मी अनेक उपदेश ऐकले आहेत, पण ते मला उमगले ते भावाला त्या उन्हात पाणी देताना पाहून. तो आनंदी नव्हता, त्याला पुढच्या वर्षाची खात्रीही नव्हती. त्याने फक्त एप्रिलचे काम एप्रिलमध्ये केले.

आता आभारांविषयी. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असे आहे. सर्व स्थितीबद्दल करा असे नाही. हा फरक केवळ विभक्तीचा वाटेल, पण मला त्याने फार आधार दिला आहे. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले, त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. त्याने भाकरीबद्दल आभार मानले, वधस्तंभाबद्दल नव्हे. आणि थोड्याच वेळात गेथशेमाने बागेत, 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' अशी विनवणीही त्याच मुखाने केली. एकाच रात्रीत दोन्ही शब्द मावले, तर तुझ्याही रात्रीत ते मावतील. रडणे आधी आले तर येऊ दे. ८८ वे स्तोत्र अंधारावरच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर पूर्वजांनी दिलेले शब्द वापरण्यात खोटेपणा नाही. आपल्या नाशिकच्या शरणपूर मिशन वसाहतीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत असत. नाशिकला शिकलेला त्यांतलाच जेकब वेनराइट हा तरुण १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्या तांड्यात होता, आणि त्यांचे हृदय तिथल्या एका झाडाखाली पुरताना दफनाची प्रार्थना त्यानेच वाचली. घर, आईबाप, गाव, सगळे हिरावले गेलेल्या मुलाच्या मनात काय होते ते आपण सांगू शकत नाही. पण आणीबाणीच्या वेळी शिकलेली प्रार्थना त्याच्यापाशी होती.

म्हणून रात्री दिवा मालवण्यापूर्वी त्या दिवसाची एकच गोष्ट वहीत लिही, आणि ती नेमकी असू दे. परवा तू सांगितलेस की, वडिलांनी स्वतःच्या हाताने अर्धी वाटी पेज घेतली. तेवढे लिहिले तरी पुष्कळ. ज्या दिवशी काही सापडणार नाही, त्या दिवशी तारीख लिहून जागा कोरी ठेव. शेजारच्या मावशी दुपारी वडिलांपाशी बसायला तयार असतील, तर भिडेखातर नको म्हणू नकोस. आणि झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांना दाखव. त्यात विश्वासाची उणीव नाही.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, त्या रात्रीची आठवण म्हणून भाकर वाटून घेण्याचा विधी. मी मागच्या बाकावर, दाराच्या बाजूला, तुझ्यासाठी जागा धरतो. गाता आले नाही तर गाऊ नकोस, मी तुझ्या वाटचेही गाईन. भाकर मात्र हातात घे.

तुझा,
संडे स्कूलचा जुना शिक्षक