‘आईकडचा फोन काढून घेऊ का?’

म्हाताऱ्या आईवडिलांच्या हातात मोबाइल द्यावा का, आणि दिला तर कुणी त्यांना फसवलं म्हणजे, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरीच मुलंमुली येतात. बहुतेकांनी मनाशी उत्तर ठरवलेलं असतं. साधा बटणांचा फोन द्यायचा, त्यात ना इंटरनेट ना ॲप, म्हणजे चिंता मिटली. ही समजूत अर्धीच खरी आहे. बँकेचा ओटीपी साध्या एसएमएसने येतो आणि तो साध्या फोनवरही तितक्याच सहज वाचून दाखवता येतो.

नाशिकरोडच्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय सत्तरीच्या पुढे, जेलरोड भागात एकट्या राहतात. यजमान सरकारी प्रेसमध्ये, म्हणजे छापखान्यात नोकरीला होते. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन काकूंच्या खात्यात जमा होऊ लागलं. थोरला मुलगा पाथर्डी फाट्याला राहतो आणि अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जातो. धाकटी लेक संभाजीनगरला. यजमान असेपर्यंत फोन, बँक, बिलं सगळं तेच बघत. नंतर मुलाने एक साधा फोन आणून आईच्या हातात दिला, हिरवं बटण उचलायचं, लाल बटण ठेवायचं एवढं सांगितलं आणि तो कामाला लागला.

नोव्हेंबरात काकूंना एक फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःला पेन्शन विभागातला साहेब म्हणवलं, काकूंच्या यजमानांचं नाव घेतलं आणि हयातीचा दाखला पोहोचला नाही, आज संध्याकाळी पेन्शन थांबेल असं सांगितलं. काकूंनी कपाटातून एटीएम कार्ड काढलं, त्यावरचे आकडे वाचून दाखवले आणि पाठोपाठ आलेला ओटीपीही सांगितला. नऊ हजार रुपये गेले.

मुलगा माझ्यापुढे बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता, “इतकी शहाणी बाई, तिला एवढं कसं कळलं नाही?” मी काकूंशी स्वतंत्र बोलले तेव्हा कारण लक्षात आलं. आदल्या वर्षी त्यांनी एका केंद्रावर जाऊन डिजिटल हयातीचा दाखला काढला होता. तिथे बोटाचा ठसा घेतला, फोनवर ओटीपी आला आणि समोरच्या मुलाने तो विचारून संगणकात घातला. तो व्यवहार अगदी रीतसर होता. म्हणजे ‘दाखल्यासाठी ओटीपी सांगायचा असतो’ हे काकू अनुभवातून शिकल्या होत्या. फरक एवढाच की तिथे त्या आपण होऊन गेल्या होत्या, आणि इथे माणूस त्यांच्याकडे आला होता. हा फरक त्यांना कुणी समजावून सांगितला नव्हता. हयातीच्या दाखल्यासाठी कुणी घरी फोन करून कार्डावरचे आकडे विचारत नाही, हे माहीत असतं तर काकू तिथेच थांबल्या असत्या. त्यांना मूर्ख म्हणणं अन्यायाचं आहे.

त्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार चालू कसे होते, याचाही शोध लागला. मुलानेच एकदा विजेचं बिल भरायला ते चालू करून घेतले होते आणि मग बंद करायचे राहून गेले.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते पुढचं. काकूंनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मधे माहेरी आलेल्या लेकीलाही नाही. मुलगा पासबुक भरायला गेला तेव्हा ती उघड झाली. त्याने आईला शेजाऱ्यांसमोर फाडफाड बोलून घेतलं आणि फोन काढून घेतला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यामुळे त्याची भीती मला समजत होती. पण फोन गेल्यावर काकूंचं मुक्तिधाम मंदिरात संध्याकाळी भजनाला जाणं बंद झालं. वाटेत चक्कर आली तर कुणाला कळवणार, म्हणून त्या घराबाहेरच पडेनाशा झाल्या. जेवण कमी झालं, झोप उडाली. तेव्हा मुलगा त्यांना घेऊन माझ्याकडे आला.

मी काकूंना विचारलं, “तेव्हाच मुलाला का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या, “तो चिडला असता.” आणि तो चिडलाच होता.

या एका वाक्यावर मी मुलाशी फार वेळ बोलले. फसवणूक झाल्यावर पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही वेळेला फार महत्त्व आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणजे आई जितके दिवस गप्प राहते तितके दिवस खातं उघडं राहतं. ती गप्प राहते ती रागाच्या भीतीने. घरातला हा धाक चोराच्या पथ्यावर पडतो. मी मुलाला स्पष्ट सांगितलं, “तुमच्या आईला सुरक्षित करायचं असेल तर आधी तुमच्या पहिल्या वाक्याचं बघू.” ‘सांगितलं होतं ना तुला!’ हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. त्याऐवजी ‘किती वाजता झालं, आई?’ एवढंच विचारायचं आणि दुसऱ्या हाताने १९३० लावायचा, असं आम्ही ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला जड गेलं. माझ्यासमोर सराव करतानाही त्याचा आवाज चढत होता.

मग फोन परत आणला. या वेळी फोन काकूंच्या हातात राहील, मुलगा बाजूला बसून तोंडाने सांगेल आणि एकाही बटणाला हात लावणार नाही, ही माझी अट होती. मुलं दोन मिनिटांत सगळं लावून देतात आणि आईला त्यातलं काहीच आठवत नाही, हे मी नेहमी पाहते. काकूंनी स्वतः मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, सिम कोणत्या बाजूने बसतं ते पाहिलं आणि परत बसवलं. मेनूची भाषा मराठी केली. अक्षरं मोठी केली. नंबर साठवताना मुलाचं नाव-आडनाव न घालता ‘थोरला’, ‘धाकटी’, ‘शेजारची वहिनी’, ‘डॉक्टर’ असं घातलं, कारण मनात ज्या नावाने हाक येते तेच नाव घाबरलेल्या वेळी सापडतं. दोन आकडा दाबून धरला की थोरला, तीन दाबून धरला की वहिनी. वहिनीचा नंबर मुद्दाम घातला. थोरला शिफ्टला असताना त्याचा फोन लॉकरमध्ये असतो.

मुलाची एक तक्रार होती की आईचा फोन निम्म्या वेळा ‘स्विच ऑफ’ येतो आणि निम्म्या वेळा ती उचलतच नाही. मी काकूंना एक फोन करून तो ठेवायला सांगितला. बोलणं संपल्यावर त्यांनी लाल बटण खबरदारी म्हणून चांगलं दाबून धरलं आणि फोन बंद झाला. लाल बटण हलकेच दाबायचं, धरून ठेवायचं नाही, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरं कोडं हॅशच्या बटणाचं होतं. पुष्कळ साध्या फोनवर ते दाबून धरलं की आवाज बंद होतो, आणि पिशवीत किंवा पदराखाली ते आपोआप दाबलं जातं. बटणांना कुलूप लावायची सवय लागल्यावर तो प्रश्न सुटला. आई मुद्दाम उचलत नाही, असं गृहीत धरून या घरात महिनोन्‌महिने रुसवे चालले होते.

१ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये पाच किंवा नऊ हे बटण दाबून धरलं की आणीबाणीचा फोन लागावा, असा नियम आहे. काकूंच्या फोनवर ते कोणतं बटण आहे ते पुस्तिकेत पाहून ठेवलं. ११२ हा नंबरही त्यांनी पाठ केला. मुलाचा नंबर मात्र त्यांना तोंडपाठ नव्हता, तो करून घेतला आणि एका चिठ्ठीवर लिहून बटव्यात ठेवायला लावला. २०२७ च्या सिंहस्थात ज्यांच्या घरची वडीलधारी माणसं रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला जाणार आहेत त्यांनी एवढं तरी जरूर करावं. गर्दीत बॅटरी संपते, फोन पडतो, नेटवर्क मिळत नाही.

सिमला पिन घालायचा की नाही, यावर आम्ही थांबून विचार केला. फोन हरवला आणि कुणी ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर बँकेचे सगळे ओटीपी त्याच्या हाती जातात, म्हणून पिन हवा. पण तीनदा चुकला की सिम अडतं आणि ते उघडायला कंपनीकडून पीयूके नावाचा नंबर घ्यावा लागतो. ज्यांचा फोन रोज चुकून बंद होतोय त्यांना पिन घालून देणं म्हणजे त्यांचाच फोन त्यांना बंद करून ठेवणं. म्हणून आधी लाल बटणाची सवय मोडली, पिन नंतर घातला.

सगळ्यात अवघड धडा फोन कापण्याचा होता. “समोरचा बोलतोय आणि आपण मध्येच कसा ठेवायचा? दारात आलेल्या माणसालाही आपण पाणी विचारतो,” काकू म्हणाल्या. या पिढीच्या बायका अज्ञानापेक्षा सभ्यतेमुळे जास्त फसतात, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यात ‘साहेब’ म्हटलं की आवाज आपोआप नरम होतो. म्हणून त्यांना ‘ठेवून द्या’ असं नुसतं सांगून भागलं नसतं. आम्ही त्यांच्या तोंडी शोभेल असं वाक्य शोधलं: “मी बँकेत येऊन बोलते.” हे म्हणायचं आणि लाल बटण दाबायचं. मी शेजारच्या खोलीतून त्यांना फोन करत गेले. कधी बँकेची बाई झाले, कधी पोलीस झाले. “तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुम्हाला फोनवरच अटक केली आहे,” असंही म्हणाले. आपल्या कायद्यात फोनवरून अटक असा प्रकारच नाही, हे त्यांना तेव्हा सांगितलं. सुरुवातीला त्या वाक्य म्हणायच्या आणि माझं उत्तर ऐकायला थांबायच्या. हळूहळू थांबेनाशा झाल्या. एकदा तर मी ‘हॅलो मॅडम’ म्हणताच त्यांनी ठेवला आणि दारात येऊन विचारलं, “ताई, तुम्हीच होतात ना?”

आणखी एक गोष्ट त्यांना आणि मुलाला दोघांनाही नवी होती. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस म्हणवणारा कुणी ‘स्टार, अमुक आकडे, पुन्हा स्टार आणि हा नंबर दाबा’ असं सांगतो. ते दाबलं की आपले फोन परस्पर त्याच्याकडे वळतात, आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. यात इंटरनेट लागत नाही, साध्या फोनवरही हे होतं. चुकून दाबलं गेलंच तर ##००२# लावला की वळवलेले फोन रद्द होतात. कुणी सांगितलं म्हणून स्टार-हॅशचं काहीही दाबायचं नाही, हे काकूंनी लगेच पकडलं.

बाकीची कामं मुलाने पटापट उरकली. बँकेत जाऊन कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद केले. इंटरनेट नसलेला, फक्त बोलणं आणि एसएमएस यांचा रिचार्ज घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने असे रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, तरी दुकानदार आपण होऊन तो सांगतोच असं नाही, मागून घ्यावा लागतो.

काकू आता सिटीलिंकच्या बसने एकट्या माझ्याकडे येतात आणि मुक्तिधामचं भजनही पुन्हा सुरू झालं आहे. मधे एकदा त्यांना केवायसीच्या नावाने फोन आला. त्यांनी वाक्य म्हणून ठेवला आणि दोनचं बटण दाबून मुलाला सांगितलं. त्याने किती वाजता आला ते विचारलं, बाकी काही बोलला नाही.

आता त्यांना मोठा फोन हवा आहे, कारण संभाजीनगरची नात व्हिडिओ कॉलवर दिसते. मुलगा पुन्हा घाबरला. मी त्याला सांगितलं, जरूर द्या, पण बँकेत दिलेला नंबर या साध्या फोनमध्येच राहू द्या. मोठ्या फोनसाठी वेगळं सिम घ्या, त्या नंबरला खातं जोडू नका आणि त्यात पैशांचं कुठलंही ॲप घालू नका. आणि तो फोनही आईलाच लावू द्या, तुम्ही शेजारी बसा.