गच्चीवर पवनचक्की बसवण्याआधी

सोसायटीच्या गच्चीवर वारा भरपूर लागतो, मान्य. पण पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, शेजारचा टॉवर यांना आपटून तो सारखा दिशा बदलतो, आणि पात्यांना तर गरज असते एकसुरी वाऱ्याची. त्यात वेग निम्मा झाला की वीज थेट आठव्या हिश्श्यावर येते. माहितीपत्रकातला वीजनिर्मितीचा आकडा बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो. तसा वारा पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मिळेल, कोथरूडमध्ये नाही. लंडनच्या स्ट्रॅटा टॉवरवर २०१० साली तीन टर्बाइन बसवली, ती क्वचितच फिरताना दिसली. शिवाय स्लॅबमधून उतरणारी थरथर वरच्या मजल्यावरच्यांची झोप उडवते. तरीही करायचंच असेल, तर आधी वर्षभर ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) लावून नोंदी ठेवा. माझं मत विचाराल तर सोलरच घ्या. सोसायटीच्या सामाईक विजेसाठी केंद्राचं अनुदानही आहे.