पालवी आली म्हणजे मुळं आली असं नाही

मोगऱ्याच्या आणि गुलाबाच्या काड्या लावल्या, बारा-पंधरा दिवसांत हिरवे कोंब आले आणि महिन्याच्या आत सगळ्या काड्या बुडापासून काळ्या पडल्या, असं तुम्ही लिहिलंय. "माझ्या हातालाच गुण नाही का?" असंही विचारलंय. हाताला काहीही झालेलं नाही. कोंब दिसल्यावर तुम्ही पाणी वाढवलंत, चमचाभर शेणखत घातलंत आणि कुंडी उन्हात सरकवलीत, चुकलं ते तिथे.

कापलेल्या काडीच्या पोटात थोडं अन्न साठवलेलं असतं. त्याच्या जोरावर डोळे फुटतात, पानं येतात. खाली मात्र अजून एकही मूळ नसतं. उन्हात पानांतून पाणी उडत राहतं, ते भरून काढायला कुणी नसतं आणि ओल्या मातीत कापलेलं टोक कुजायला लागतं. त्यामुळे कोंब दिसला तरी महिनाभर काहीही बदलायचं नाही. सावली तीच, पाणी तेवढंच, खत अजिबात नाही.

काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब घ्या. अगदी कोवळी नको आणि जुनाट, करडीही नको; वाकवली तर वाकेल पण लगेच मोडणार नाही अशी. खालचा काप पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, लगेच खाली घ्या, कारण मुळं बहुतेक पेराजवळूनच येतात. वरची दोन पानं ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. बागेतली काळी माती वापरू नका, ती पाणी धरून बसते. मी धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घेते. मूठभर उचलून दाबलं की दोन-चार थेंबच पडावेत, धार लागली तर ओल जास्त झाली. रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर असेल तर चिमूटभर लावा, पण ओल आणि सावली बिघडली तर ती काही वाचवू शकत नाही. तिच्याऐवजी लावतात त्या मध, दालचिनी, कोरफड यांवर माझा फारसा भरवसा नाही.

आता सगळ्यात कठीण भाग: काडी उपटून बघायची नाही. कापलेल्या टोकावर आधी पांढरट, खरखरीत गाठ धरते, भाताचं शीत चिकटल्यासारखी. मग तिच्या आसपास दोऱ्यासारखी मुळं निघतात. ती इतकी नाजूक असतात की काडी नुसती हलवली तरी तुटतात. पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासला खाली भोकं पाडून त्यात काड्या लावा, मुळं बाहेरून दिसतील.

गुलाबाचं थोडं वेगळं आहे. नर्सरीतले मोठ्या फुलांचे गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर (मुळं असलेल्या खोडावर) हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवून, म्हणजे डोळा भरून केलेले असतात. त्यांची काडी लागली तरी स्वतःच्या मुळांवर ते झाड अनेकदा अशक्तच राहतं. डोळा बसवलेल्या जोडाच्या खालून फुटलेली फांदी लावलीत तर वाढेल जोमाने, पण फूल खुंटाचं येईल. अंगणातला गावठी, वासाचा गुलाब मात्र काडीने लागतो.

मोगऱ्यासाठी तुम्ही गुटी करून बघाच, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची आणि मग कापायची. आमच्या गावच्या घराचं अंगण फरशीखाली जाणार होतं. विहिरीजवळचा बटमोगरा आजीच्या हातचा, त्याच्यासारखा वास मला दुसऱ्या कुठल्या मोगऱ्याला आलेला नाही. बारा काड्या लावल्या, तीन जगल्या. चार गुट्या बांधल्या, चारही लागल्या. पावसाच्या सुरुवातीला पेराच्या खाली पाऊण इंच रुंदीची साल गोल काढायची आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीने नीट खरवडायचा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते. त्यावर भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ), वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. पाणी लाकडातून वर चढतच राहतं म्हणून फांदी सुकत नाही. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली येतं आणि कापापाशी अडतं, तिथेच मुळं फुटतात. पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली तेव्हा मी त्या मोगऱ्यापाशी बसून रडले होते. मुळं भरपूर झाली की खालून कापा, फक्त प्लास्टिक काढा आणि मॉससकट लावा.

बाकीची झाडं सोपी आहेत. जाई-जुईची लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत मातीखाली दाबली की पुरे. देवचाफ्याची फांदी मात्र लावण्याआधी आठवडाभर सावलीत सुकू द्या. चीक वाळला नाही तर ती हमखास सडते. साधा लाल जास्वंद पावसाळ्यात पटकन लागतो, मोठ्या रंगीत फुलांचे संकरित जास्वंद मात्र त्रास देतात. शेवंतीच्या बुंध्याशी आलेले फुटवे मुळासकट वेगळे करा.

तुमचा गुलाब नर्सरीतला आहे की कुणाच्या अंगणातला, ते कळवा. नर्सरीतला असेल तर मातीच्या जरा वर खोडाला गाठ आहे का बघा आणि काडी तिच्या वरून घेतली होती की खालून, तेही सांगा. मोगऱ्याच्या काड्या उरल्या असतील तर कुंडी आजच उन्हातून आत घ्या.